दाताचे बिल आणि आठवी आज्ञा



प्रश्न साधा आहे, पण तो स्वतःवर आला की माणूस गोंधळून जातो. दाताच्या दवाखान्यातून आपण घरी आलो. दोन दिवसांनी ठणका कमी झाल्यावर बिल हातात घेऊन बसलो, तर त्यात असे काही लिहिलेले दिसते की जे आपल्या तोंडात झालेच नाही असे वाटते. दाढ एकच दाखवली होती, बिलात ओळी तीन. एक्स-रे एकदा काढल्याचे आठवते, पैसे तीनदा लावलेले. कॅप धातूची बसली असे वाटते, बिलात मात्र महागड्या झिरकोनियाची. आता काय करावे? गप्प बसावे, की कोणाला सांगावे? आणि सांगायचेच तर कोणाला: शेजारच्या मावशींना, फादरांना, की सरकारला?

या लेखात आम्हाला कोणत्याही डॉक्टरांविषयी काही सांगायचे नाही. देवळाली प्रवरा लहान गाव आहे. एवढे चार शब्द वाचूनच कोणी बोट दाखवू लागेल, म्हणून हे आधीच स्पष्ट केलेले बरे. आपल्या भागात अनेक दंतवैद्य रात्री-अपरात्री दार उघडतात, गरिबाचे पैसे सोडतात, हे आपण सर्व जाणतो. आम्हाला विचार करायचा आहे तो त्या माणसाचा, ज्याच्या मनात संशय आला आहे आणि ज्याला ख्रिस्ती म्हणून योग्य ते करायचे आहे.

आपल्या भागातील माणसाला खोट्या बिलाचे पाप समजावून सांगावे लागत नाही. आपण ऊस पिकवणारी माणसे. काटा मारणे म्हणजे काय हे शाळेत जाणारे पोरही सांगते. वर्षभर पाणी देऊन, खत घालून वाढवलेला ऊस काट्यावर चढतो आणि त्याचे वजन कमी भरते, ही ऊस उत्पादकांची तक्रार महाराष्ट्रात फार जुनी आहे. आमोस संदेष्ट्याने मापे लहान करणाऱ्या आणि खोटा तराजू वापरणाऱ्या व्यापाऱ्यांना याच कारणासाठी धारेवर धरले होते. दाताचे खोटे बिल ही त्याच जातीची चोरी. फरक एवढाच की काटा निदान डोळ्यांना दिसतो. दाढ आपल्याच तोंडात असूनही आपल्याला दिसत नाही. रुग्णाला डॉक्टरांच्या शब्दावरच विसंबावे लागते, आणि म्हणूनच तो शब्द खोटा निघाला तर जखम खोल होते. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात सातव्या आज्ञेखाली, चोरीच्या प्रकारांत, खोटी बिले तयार करण्याचा उल्लेख नाव घेऊन केलेला आहे.

पण सातवी आज्ञा वाचून थांबता येत नाही, कारण तिच्या पुढेच आठवी उभी आहे. चोरी करू नये, आणि खोटी साक्षही देऊ नये. तोच धर्मशिक्षणग्रंथ आठव्या आज्ञेखाली तीन पापे वेगवेगळी सांगतो. पुरेसा आधार नसताना दुसऱ्याचा दोष मनातल्या मनात खरा मानणे, हे पहिले. दुसऱ्याचा खरा दोष, योग्य कारण नसताना, ज्यांना तो ठाऊक नव्हता त्यांना सांगणे, हे दुसरे. आणि खोटा आळ घेणे, हे तिसरे. तिसरे पाप आपल्यातील बहुतेक जण करत नाहीत. दुसरे पाप मात्र आपण चहाच्या कपाबरोबर करतो, आणि गोष्ट खरी होती एवढ्यावर स्वतःची सुटका करून घेतो. पहिले तर आपल्या ध्यानातही येत नाही.

त्या पहिल्या पापाविषयी थोडे सविस्तर सांगतो. समजा, बिलावर दाताचा क्रमांक ४६ लिहिला आहे. माणसाला दात बत्तीस, मग हा शेहेचाळीसावा कोठून आला? चोर सापडला! पण जगभरचे दंतवैद्य दातांना असेच दोन आकडी क्रमांक देतात. तोंडाचे चार भाग करायचे; पहिला आकडा भागाचा, दुसरा आकडा समोरच्या मधल्या दातापासून मागे मोजत गेल्याचा. ४६ म्हणजे खालच्या जबड्यात उजव्या बाजूचा सहावा, म्हणजे पहिली मोठी दाढ. वरचा डावा सुळा म्हणजे २३. लहान मुलांच्या दुधाच्या दातांचे क्रमांक तर ५१ पासून सुरू होऊन ८५ पर्यंत जातात. एक्स-रेचेही तसेच. रूट कॅनाल करताना सुरुवातीला एक, मुळाची लांबी मोजण्यासाठी मध्ये एक, आणि शेवटी मूळ नीट भरले का हे पाहण्यासाठी एक, असे तीन एक्स-रे लागले तर त्यात वावगे काही नाही. जबडा बधिर झालेला, डोळे मिटलेले, मनात देवाचा धावा चाललेला. अशा माणसाला किती वेळा एक्स-रे काढला हे आठवेलच असे नाही. एकाच दाढेचे रूट कॅनाल, मग तिच्यावरचे भरण, मग कॅप, ही तीन वेगळी कामे आहेत आणि तीन ओळींत लिहिली जातात. म्हणजे आपण आरंभी सांगितलेल्या तीन संशयांपैकी दोन येथेच मिटू शकतात.

तिसरा मिटत नाही. झिरकोनियाचे पैसे घेऊन धातूची कॅप बसवली असेल तर ती फसवणूकच. पण तेही तपासता येते. झिरकोनियाच्या कॅपबरोबर ती बनवणाऱ्या लॅबचे वॉरंटी कार्ड बहुधा मिळते, ते मागावे. रूट कॅनाल खरोखर केले आहे का, हे नव्या एक्स-रेत दिसते. भरलेली मुळे पांढऱ्या रेघांसारखी उठून दिसतात. लोणीला ग्रामीण दंत महाविद्यालय आहे, तेथे जाऊन दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेता येते. यात कोणाचा अपमान नाही.

दानिएलाच्या ग्रंथातील सुसान्नेची गोष्ट आपण उपवासकाळात मिस्सामध्ये ऐकतो. दोन वडीलधाऱ्या न्यायाधीशांनी तिच्यावर आळ घेतला आणि लोकांनी तो मानला. का, तर सांगणारे मानाचे होते. तिला मरणाकडे नेत असताना कोवळ्या वयाच्या दानिएलाने काय केले? त्याने दोघांना वेगळे केले आणि एकच प्रश्न विचारला: हे कोणत्या झाडाखाली घडले? एकाने एक झाड सांगितले, दुसऱ्याने दुसरे. आम्हाला या गोष्टीत नेहमी हे जाणवते की दानिएलाने प्रार्थना करून नुसती वाट पाहिली नाही. त्याने चौकशी केली. आपल्याकडे मात्र उलटे होते. दवाखान्याविषयी कोणी काही बोलले की बोलणारा कोण एवढेच आपण पाहतो. झाड कोणते, हे विचारत नाही.

समजा झाड विचारून झाले. बिल हातात आहे, नवा एक्स-रे हातात आहे, दुसऱ्या डॉक्टरांनी तोंड तपासून सांगितले आहे की या दाढेचे रूट कॅनाल झालेलेच नाही. आता?

प्रभू येशूने मत्तयाच्या शुभवर्तमानात क्रम घालून दिला आहे: आधी एकट्याने एकांतात जाऊन सांगा, ऐकले नाही तर एक-दोघांना बरोबर घ्या, त्यानंतर मंडळीसमोर आणा. म्हणून पहिली पायरी त्याच दवाखान्याची. मागे दहा रुग्ण बसलेले असताना मोठ्याने नव्हे. वेळ मागून, शांतपणे, बिल पुढे ठेवून. ‘डॉक्टरसाहेब, ही ओळ मला समजली नाही, जरा समजावून सांगा,’ एवढे म्हणायला धैर्य लागते, पण फार नाही. अनेकदा चूक हिशेब लिहिणाऱ्याची निघते आणि पैसे परत मिळतात.

पण फसवणूक मुद्दामची असेल, आणि आपल्यासारख्या कित्येकांची होत असेल, तर एकांतातील बोलणे पुरेसे नाही. संत थॉमस अक्वायनस तेराव्या शतकात या प्रश्नावर फार रोखठोक लिहून गेले. ते म्हणतात त्याचा भावार्थ असा, की ज्या गुन्ह्याने समाजाचे नुकसान होते त्याविषयी तक्रार करणे हे माणसाचे कर्तव्य आहे, पण पुरेसा पुरावा देता येत असेल तरच. पुरावा देता येत नसेल तर त्याच्यावर ते बंधन नाही. आणि पुढे ते असेही सांगतात की आरोप लेखी असावा, कारण तोंडचे शब्द आठवणीतून निसटतात आणि न्याय करणाऱ्याला नेमके काय म्हटले होते हे कळत नाही. ग्राहक आयोगातील कारकूनही आज आपल्याला हेच सांगेल.

पुराव्याशिवाय आरोपाचे काय होते याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांना १९९८ साली, एका मंत्र्याने केलेल्या बदनामीच्या खटल्यात, मुंबईच्या न्यायालयाने तीन महिन्यांची कैद सुनावली होती. अण्णांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण न्यायालयात हेतू पुरत नाही. आणि येथे आपल्या कायद्यातील एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ मध्ये बदनामीच्या गुन्ह्याला काही अपवाद होते, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येही ते आहेत. त्यातील एक असा: ज्याला त्या व्यक्तीवर कायदेशीर अधिकार आहे अशाकडे सद्भावनेने केलेली तक्रार ही बदनामी नव्हे. म्हणजे तेच शब्द पारावर बोलले तर गुन्हा ठरू शकतात, आणि अधिकाऱ्यापुढे लिहून दिले तर ठरत नाहीत. धर्मशिक्षणग्रंथ जे पाप म्हणून सांगतो आणि कायदा जे गुन्हा म्हणून सांगतो, ते येथे किती जवळ येतात पाहा.

मग असा माणूस कोणी पाहिला आहे का, जो पारावर न बोलता योग्य ठिकाणी गेला? महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचे नाव विंचवाच्या दंशावरील औषधोपचारामुळे शेतकऱ्यांना माहीत आहे. त्यांनी २०१३ साली केलेली गोष्ट तेवढी माहीत नाही. एका रुग्णाला त्यांनी तपासणीसाठी पाठवले होते. त्या तपासणी केंद्राकडून त्यांच्या नावे १२०० रुपयांचा धनादेश आला. ते ‘कट’चे पैसे होते, म्हणजे रुग्ण पाठवल्याची दलाली. डॉक्टरांनी धनादेश परत केला आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे लेखी तक्रार दाखल केली. रक्कम पाहा: बाराशे रुपये. कोणालाही वाटले असते, जाऊ द्या. पण त्यांच्या हातात कागद होता आणि तक्रार कोठे करायची हे ठाऊक होते. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली, ती वैद्यकीय सेवेसाठी. पण आमच्या दृष्टीने तो परत केलेला धनादेशही मोठा आहे. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेच्या कामातून डॉ. अरुण गद्रे यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून याच व्यवसायातील गैरप्रकार मांडले, तेव्हा बोलणारे स्वतः डॉक्टरच होते. प्रामाणिक डॉक्टरांनाही हे सलते. खोट्या बिलाविरुद्धची खरी तक्रार ही त्यांच्याही बाजूची असते.

आता थोडे आपल्याविषयी. खोट्या बिलाचा विषय निघाला की आपण फसवले गेलेले, आणि डॉक्टर फसवणारे, असे धरून चालतो. नेहमी तसे नसते. दाताचा नेहमीचा खर्च मेडिक्लेमच्या बहुतेक पॉलिसींत बसत नाही. अपघातात दात गेला तर बसतो. मग रुग्णच म्हणतो, ‘डॉक्टर, गाडीवरून पडलो असे लिहा ना, तुमचे काय जाते?’ किंवा मुलाच्या नोकरीच्या ठिकाणी खर्च परत मिळणार असतो, तेव्हा पाच हजारांचे बिल आठ हजारांचे करून मागितले जाते. डॉक्टरांनी नकार दिला तर आपण दुसऱ्या दवाखान्यात जातो, आणि पहिल्या डॉक्टरांना माणुसकी नाही असे सांगत फिरतो. चोरी कोणाची, तर म्हणे कंपनीची. पण विम्याचा पैसा हा भिशीसारखाच असतो. अनेकांनी घातलेला, गरजेला काढायचा. सरकारी योजनांचे तेच. आयुष्मान भारत योजनेत, आधी मृत म्हणून नोंदवलेल्या रुग्णांच्या नावावर पुढेही उपचार झाल्याचे दावे आढळले, असे नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात आहे. तो पैसा उद्या खरोखर हृदयाचे ऑपरेशन लागणाऱ्या कोणाचा तरी होता. बिल वाढवून घेणाऱ्याने दुसऱ्याच्या बिलाविरुद्ध तक्रार करू नये असे आम्ही म्हणत नाही, पण आधी स्वतःचे परत करावे. जक्कयाने फसवणुकीचे चौपट परत देईन असे म्हटले तेव्हाच त्याच्या घराला तारण लाभले.

सर्वांत अवघड जागा मात्र रुग्णाची नाही, की डॉक्टरांचीही नाही. ती आहे दवाखान्यात काम करणाऱ्या मुलीची. नंबर लावणारी, अवजारे उकळून ठेवणारी, फोन घेणारी, बिल लिहिणारी अशी एक मुलगी प्रत्येक दवाखान्यात असते. आपल्या घरांतील मुलीही अशा ठिकाणी काम करतात. समजा तिला दिसते की एकाच रुग्णाची दोन बिले होतात, एक त्याला द्यायचे आणि एक कंपनीला पाठवायचे. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, भावाची फी भरायची. तिने काय करावे? ‘पाण्यात राहून माशाशी वैर’ करू नये, असे तिला घरचे सांगतील, आणि त्यांना दोष देता येत नाही.

येथे ख्रिस्तसभेच्या नीतिशास्त्रातील एक जुना भेद उपयोगी पडतो. ‘हे करू नये’ ही आज्ञा सर्व काळी, सर्व परिस्थितीत बांधते. ‘हे करावे’ ही आज्ञा परिस्थिती पाहून बांधते. फार मोठे नुकसान होणार असेल तर माणूस तिच्यातून काही काळ मोकळा होऊ शकतो. संत आल्फोन्सस लिगोरी यांना पोप बारावे पायस यांनी १९५० साली पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंचे व नीतिशास्त्राच्या अभ्यासकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. दुसऱ्याच्या पापात आपला सहभाग किती, याचा सूक्ष्म विचार त्यांनी केला. तो या मुलीला लावला तर असे दिसते: अवजारे धुणे, रुग्णाला खुर्चीवर बसवणे, यात तिचे पाप नाही, मग डॉक्टर पुढे काहीही करोत. पण खोटे बिल स्वतःच्या हाताने लिहिणे, ते खोटे आहे हे ठाऊक असताना, हे तिला करता येणार नाही. ‘डॉक्टर, हे तुम्हीच लिहा,’ एवढे तिला म्हणावे लागेल. जाऊन तक्रार करण्याचे बंधन मात्र तिच्यावर लगेच नाही. तिने रुग्णांचे कागद पिशवीत घालून गल्लीत दाखवू नयेत; रुग्णाचे गुपित हे रुग्णाचे असते. भारताने २०१४ साली जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा केला, पण तो सरकारी सेवकांविरुद्धच्या तक्रारींसाठी आहे. खासगी दवाखान्यातील मुलीला त्याचा आधार नाही.

मग तिला आधार कोणाचा? तिने नोकरी सोडली तर दुसरी मिळेपर्यंत तिच्या घरात पीठ कोण पोचवणार? सत्य बोला, असे वेदीवरून सांगणे सोपे आहे. आमच्या धर्मग्रामात अशी मुलगी उद्या पुढे आली तर महिला मंडळ, तरुण मंडळ आणि धर्मग्राम समिती तिच्यासाठी नेमके काय करतील, हे आम्हाला अजून ठाऊक नाही. पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा अशी आमची विनंती आहे.

ज्यांना अशी भीती नाही, त्यांना वाट मोकळी आहे. दंतवैद्यांची नोंदणी १९४८ च्या दंतवैद्य कायद्याखाली होत आली आहे, आणि आपल्या राज्यात ती महाराष्ट्र राज्य दंत परिषद करते. गैरवर्तन सिद्ध झाले तर नोंदणीतून नाव काढण्यापर्यंतचा अधिकार त्या कायद्याने दिला. संसदेने २०२३ साली राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा मंजूर केला, त्यातही राज्य पातळीवर परिषदेची तरतूद आहे. पैसे परत हवे असतील तर अहिल्यानगरचा जिल्हा ग्राहक आयोग. डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितले आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, पण घटनेपासून दोन वर्षांच्या आत गेले पाहिजे. बिल न देणे हाही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापार आहे, तेव्हा बिल मागायला लाजू नये. कोठे जावे हे न कळल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर विचारता येते. विमा कंपनीच्या नावावर खोटे बिल गेले असेल तर कंपनीला लेखी कळवावे. तक्रारीत जे पाहिले तेच लिहावे: तारीख, दात, रक्कम, एक्स-रे. ‘हे सगळेच असेच करतात’ हे वाक्य गाळावे.

फादरांकडे जावे का? सल्ल्यासाठी अवश्य. पण पापनिवेदनाच्या वेळी डॉक्टरांचे पाप सांगू नये. तेथे आपलीच सांगायची असतात. तेथे ऐकलेले फादर कोणाला सांगू शकत नाहीत, डॉक्टरांना समजही देऊ शकत नाहीत, त्यामुळे निरोप्या म्हणून त्यांचा उपयोगही होत नाही.

आणि शेवटी चौकशीत डॉक्टर निर्दोष ठरले तर? सद्भावनेने, कागद जोडून तक्रार केलेल्याने खजील होण्याचे कारण नाही. पण ज्याचे नाव आपल्या बोलण्याने खराब झाले त्याची भरपाई करण्याचे बंधन धर्मशिक्षणग्रंथ घालतो. ज्या-ज्या घरात आपण ही गोष्ट बोललो, तेथे पुन्हा जाऊन डॉक्टर निर्दोष ठरल्याचेही सांगावे लागते. पत्र फक्त परिषदेला गेले असेल तर हे काम एका दिवसात होते; सगळ्या आळीला सांगून झाले असेल, तर घरे मोजत बसावे लागेल.